न धावलेले टायर

गॅरेजचं दार सताड उघडं होतं आणि आत गाडी नव्हती. भिंतीला टेकवून ठेवलेले चार टायर मात्र जागच्या जागी होते. ते पाहताच व्हर्जिल डायक्स्ट्राने खिशातून फोन बाहेर काढला. रोज वापरायचे टायर ते. म्हणजे त्याची लेक ट्रिना गाडी घेऊन गेली होती, ती प्रदर्शनाच्या टायरांवर.

जुन्या गाड्यांच्या उद्याच्या प्रदर्शनासाठी त्याने सकाळीच ते चढवले होते. सन एकोणसत्तरची ती दांडगी गाडी होती तशी उभी करायला त्याची अकरा वर्षं गेली होती. त्या काळी पोरं पगार झाला की दुकानातून जी चाकं, जे धुराचे पाइप, जे टायर आणून आपल्या हाताने गाडीला चढवत, तेच आणि त्याच सालचे त्याने हुडकून हुडकून जमवले होते. टायर तर एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर कागदात गुंडाळलेले मिळाले. असल्या टायरांवर गाडी ट्रेलरमधून न्यायची, ढकलत उतरवायची आणि परीक्षकांपुढे उभी करायची. पळवायची नाही. या नादातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. इतकं ठाऊक असतं, की घरच्यांना ते सांगावं लागेल हे व्हर्जिलच्या कधी डोक्यातच आलं नाही. घरी त्याने सांगितलं होतं ते एवढंच, "कोरे आहेत, कोरे! एक मैलसुद्धा धावलेले नाहीत."

छप्पन्न वर्षांत न धावताही रबराचा पापड होतो. वेगात तापला की टायर थराथराने सुटतो. तसा एक टायर फुटताना व्हर्जिलने पाहिला होता. ती गाडी त्याच्या डोळ्यांदेखत तीनदा उलटली होती.

त्याने फोन लावला.

"कळलं वाटतं!" ट्रिना हसत होती. "तळ्याकाठी आइस्क्रीम खातेय. तुझी लाडकी सावलीत उभी आहे. एक ओरखडा नाही, शप्पथ!"

"थांबलीयेस ना? उभीच आहे ना गाडी?"

"हो रे, उभी आहे."

व्हर्जिलच्या जिवात जीव आला. "आता तिला हात लावू नकोस. ते टायर..."

"टायर, टायर! करकचून ब्रेक मारला नाही, खड्ड्यात घातली नाही. आल्यावर टूथब्रशने घासून देते, मग तर झालं?"

"अगं, जुने आहेत ते!"

"जुने? वर्षभर येईल-जाईल त्याला कोरे म्हणून दाखवतोयस. शेजारच्या कुत्र्यालासुद्धा जवळ फिरकू दिलं नाहीस."

"कोरेच आहेत. पण जुने... कोरे आहेत म्हणूनच तर..." त्याची जीभ टाळ्याला चिकटली. शब्द जड, बोबडे येऊ लागले. "तू फक्त ऐक. गाडी सोड तिथंच. किल्ली आत टाक आणि चालत ये."



"गाडी सोडू? रस्त्यावर? किल्लीसकट?"

"चोराने नेली तर नेऊ दे. मला नकोय ती."

हे तो अगदी मनापासून बोलला. अकरा वर्षांत असलं काही त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, ट्रिनाने तर नाहीच नाही.

"बाबा," तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आई कुठंय?"

"चर्चमध्ये. उद्याच्या जेवणाचं बघायला गेलीय. ते राहू दे, तू आधी..."

"म्हणजे घरात तू एकटाच आहेस. बाबा, खुर्चीत बस. आत्ताच्या आत्ता बस. मार्चमध्ये मेंदूचा झटका आला तेव्हा पण असाच जड जिभेने काहीच्या बाही बोलत होतास. डॉक्टर काय म्हणाले होते? पुन्हा असं झालं तर एक मिनिट घालवायचं नाही."

"मला काही झालेलं नाही!" तो ओरडला, आणि ओरडताना शब्द आणखीच अडखळले.

"तेव्हाही हेच म्हणाला होतास. रुग्णवाहिकेला तिथवर यायला अर्धा तास लागेल. मी महामार्गाने दहा मिनिटांत पोचते. फोन ठेवू नकोस हं बाबा, मी पण चालूच ठेवते."

"ट्रिना, फुटतील! टायर फुटतील!"

गाडीचं दार धाडकन लागलं. फोन बहुधा शेजारच्या सीटवर आपटला, आणि इंजिन सुरू झालं. त्या पाइपांच्या आवाजात गाडीत बसलेल्याला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नसे, आणि व्हर्जिलला त्याचंच केवढं कौतुक होतं. तो ओरडत राहिला. पहिला गिअर पडला. मग दुसरा. आवाज चढत गेला आणि क्षणभर उतरला. महामार्गाचं वळण आलं असावं.

मग तिसरा. मग चौथा.