सैल बांधलेलं दावं

कोंडवाड्याच्या फाटकाखालून सरपटत रंभा आत शिरली आणि चांदीच्या शेजारी फतकल मारून बसली.

"ए पोरी, हो भाईर! हितं जनावरं कोंडत्यात," राखणदार गेणबा ओरडला.

"मलाबी कोंडा, मामा."

चांदीची कास तटतटली होती. परवाच व्यालेली शेळी. घरी दोन करडं सकाळपासून ओरडून ओरडून आता गप झाली होती.

"दंड भरल्याबिगर शेळी सुटत न्हाई. तुझ्या बाला धाड."

"बा दौंडाला गेलाय, उद्या सांजच्याला येईल. करडं तवर राहायची न्हाईत."

तेवढ्यात शंकरराव आले. चांदीनं त्यांच्याच वाफ्यातलं कांद्याचं रोप निम्मं तुडवलं होतं आणि त्यांनीच तिला इथं आणून घातलं होतं. आत बसलेली पोर पाहून ते थबकले.

"काय गं, शेळीची वकिली कराय आलीस व्हय?"

"न्हाई आबा. दावं मी बांधलं व्हतं. सागरगोटे खेळायच्या घाईत सैल बांधलं. तिचं काय चुकलं?"

"तोंड लई चालतंय तुझं! आन् माझं रोप?"

रंभाची मान खाली गेली नाही. "उरलंय त्ये उद्या तुमच्यासंगं लावीन. कांदा निघंस्तवर खुरपाय येईन. पर चांदीला आत्ता सोडा. तिच्या जागी मी बसते."

गेणबाला हसू फुटलं. शंकरराव हसले नाहीत. त्यांनी चांदीच्या कासेकडं पाहिलं.

"सोड रं तिला. माझी तक्रार न्हाई."

गेणबानं फाटक उघडलं. रंभानं चांदीच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं.

"अगं, धरून ने! पुन्ना कुणाच्या रानात शिरंल," गेणबा म्हणाला.

"न्हाई शिरायची. घरी पोरं हायेत तिची. ती काय माझ्यावानी सागरगोटे खेळत न्हाई."

चांदी धूम घराकडं पळाली.

"चल, हो भाईर. सुटलीस तू," शंकरराव म्हणाले.

"चांदी सुटली, आबा. मी न्हाई. सकाळी रानात जाताना मला घिऊन जावा."

तिनं फाटक आतून ओढून घेतलं, तेच दावं फळीतून ओवून खांबाला बांधलं. दोन्ही हातांनी गाठ ओढून पाहिली. मग पाय खांबाला लावून आणखी एकदा ओढली.