निळ्या टोपणाची नळी

“एवढंसं काम आहे गं. माझा कापूस काढायचा, दुसऱ्या कुणाचा तरी ठेवायचा,” दादा फोनवर म्हणाला.

नमुन्यांतून डीएनए वेगळा काढणं हे त्याच्या धाकट्या बहिणीचं प्रयोगशाळेतलं काम. गालाच्या आतून फिरवलेले दोन कापूस समोर होते. लाल टोपणाच्या नळीत दादाचा, निळ्या टोपणाच्या नळीत त्या बाईचा. बाबा गेल्यावर ही बाई उगवली होती. स्वतःला बाबांची मुलगी म्हणवत होती आणि घरात वाटा मागत होती.

नळ्यांवर नावं नसत. कोणती कुणाची, हे इथे फक्त तिला माहीत होतं, तेही दादानेच सांगितलं म्हणून.

“तुला शिकवलं कुणी?” दादाने विचारलं.

“तू.”

“मग झालं तर.”

इकडे आड, तिकडे विहीर. आई लवकर गेली, तेव्हापासून दादाच तिची वेणी घालायचा. त्याला नाही कसं म्हणणार? नवऱ्याच्या गालातला कापूस तिने एप्रनच्या खिशात आणलाही होता. सर्दीची तपासणी आहे म्हटल्यावर बिचाऱ्याने निमूट आ केला होता.

तिने खिशात हात घातला. हात बाहेर निघेना. भीती वाटली, त्याहून जास्त लाज वाटली. लाल नळीत दादाचाच कापूस राहिला.

मग तिने पेशी फोडणारं द्रावण घातलं, नळ्या गरम केल्या, अल्कोहोल ओतलं, सगळं गाळणीतून धुऊन काढलं. शेवटी प्रत्येक नळीत पाण्यासारखा स्वच्छ थेंब उरला.

निकाल आला. दोघांचं एकमेकांशी नातं नाही.

तिने लगेच दादाला कळवलं. “मी म्हणत नव्हतो? रक्त लपत नाही,” तो म्हणाला. चोरी न करता सुटले, या आनंदाने तिला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात विभागप्रमुख बाईंनी तिला आत बोलावलं. काम करताना आपली थुंकी नळीत उडाली तर कळावं, म्हणून इथे प्रत्येक नमुना कर्मचाऱ्यांच्या डीएनएशी ताडून पाहत. हे ती साफ विसरली होती.

“मास्क लावला होतास ना?”

“हो.” मग तिने धीर करून विचारलं, “लाल नळी माझ्याशी जुळतेय का?”

“छे, त्या माणसाचा तुझ्याशी काडीचाही संबंध नाही,” बाई म्हणाल्या. “निळी तुझ्या बहिणीची आहे का गं?”