तळाचे जीव

"यहींच ना, सार?" तलावाच्या काठापासून थोड्याच अंतरावर अप्पारावनं सवयीनं होडी थांबवली.

"आज आगे चलो. बांध के पास," प्रशांत घाईनं म्हणाला. त्याच्या पीएच.डी.च्या गाईड, प्रियदर्शिनी मॅडम, आज पहिल्यांदाच सोबत आल्या होत्या. त्या डोळ्यांवर हात धरून पाणी बघत होत्या. अप्पाराव काय बोलून गेला ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. वाचलो, असं त्याला वाटलं. पण वाचला कसला! होडी खोल पाण्याकडे निघाली होती.

त्याला पोहता येत नव्हतं. पाणी काळं दिसायला लागलं की तो होडी थांबवायला लावायचा. म्हणून वर्षभर त्यानं काठालगतच्या उथळ पाण्यातूनच प्रबंधासाठीचे जीव भरले, झिंग्याच्या जातीचे, टाचणीच्या डोक्याएवढे, आणि बाटल्यांवर 'तळ' असं बिनदिक्कत लिहिलं. धाडस काय ते तेवढंच.

मॅडम त्या बाटल्यांवर बेहद्द खूश होत्या. "तळाशी उजेड नाही, खायला नाही," त्या आत्ताही सांगत होत्या, "आणि तरी अंगात केशरी चरबीचा थेंब बघ! त्या शिदोरीवर खाली तग धरतात रे. तुझा अख्खा प्रबंध यावर उभा आहे."

बांधाजवळ होडी डुलायला लागली. प्रशांतनं तळाचं पाणी भरायच्या बाटलीचा दोर सोडला. दोर जातच राहिला. आपणही त्याच्यामागून जाणार या भीतीनं त्यानं गुडघे फळीला घट्ट दाबून धरले. दोरावरून वजन सोडलं; खाली बाटलीचं झाकण मिटल्याचा हिसका हाताला लागला. वर ओढताना तो मनातल्या मनात विनवत होता, असू दे रे देवा, एखादा तरी असू दे.

मॅडमनी झाकण उघडलं. कुजक्या अंड्यांसारखा भपकारा आला. अप्पारावनं तोंड फिरवलं. बाटली उन्हात धरून मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. त्यात काहीच हलत नव्हतं.

"हा वास म्हणजे खाली प्राणवायूच नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चरबी असो नाहीतर नसो, इथं कुणी जगूच शकत नाही."

त्यांनी बाटली खाली ठेवली.

"प्रशांत, मग ते जिवंत तू कुठून आणत होतास?"

प्रशांतनं काठाकडे पाहिलं. काठ फार लांब राहिला होता.