चौदा सेकंद

चारुलताने तोच तुकडा तिसऱ्यांदा लावला आणि लॅपटॉप गणपतरावांकडे वळवला.

"काका, इथे तुम्ही 'आवाज अस्पष्ट' असं लिहिलंय. चौदा सेकंद. मला तर शब्दन् शब्द ऐकू येतोय."

दांडिया बाजारातल्या गणपतरावांच्या घरी, पुढच्या खोलीत दोघं बसली होती. चहा तसाच पडून होता.

शिक्षक व्हायला निघालेली मुलं गणित कशी शिकतात, यावर चारुलता प्रबंध लिहीत होती. बी.एड.च्या चाळीस जणांना तिने एकच प्रश्न विचारला होता. अपूर्णांकाने भागायचं झालं की तो उलटा करून गुणायचा, ते का? मुलं निम्मं मराठीत, निम्मं गुजरातीत बोलली होती. ते ऐकून उतरवून द्यायला गणित कळणारा माणूस हवा होता. गणपतरावांनी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. पत्नी सुनेत्राबाई गेल्यापासून घरात दुसरा आवाज नव्हता. त्यांनी लगेच हो म्हटलं होतं.

चारुलता अवघडली होती. दर दहावं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकून ताडून बघ, असं तिच्या गाइडने सांगितलं होतं. हे विसावं. उतरवणाऱ्याच्या कानाचा भरवसा नसेल तर चाळीसच्या चाळीस दुसऱ्याकडून नव्याने करून घ्यावी लागतील, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. हे सगळं तिने गणपतरावांना लागू नये अशा बेताने सांगितलं. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या, मी सोबत येते, असंही म्हणाली.

"वयाने होतं, काका. माझ्या पप्पांनी तर दोन वर्षं मानलंच नाही. टीव्हीवाले हळू बोलतात म्हणून त्यांनाच शिव्या घालायचे."

ती हसली. गणपतरावांना हसता आलं नाही. कान गेले म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पोरीचे तीन आठवडे पाण्यात गेले असते आणि वर तिने त्यांची कीव केली असती.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

मुलीचा आवाज आला. नावं कुठेच लिहिलेली नव्हती, नुसते नंबर होते. ही वीस नंबर. तिच्या आवाजात हसू होतं.

"सातवीत मी सरांना विचारलं होतं ने, केम? उलटा का करायचा? सर म्हणाले, ते खंडेराव मार्केटात जाऊन विचार, तुझे पप्पा वांगी उलटी करून विकतात ना. आखा वर्ग हसला. पछी वर्षभर मला सगळे वांगं म्हणायचे."

पुढचं गणपतरावांनी बिनचूक उतरवलं होतं. गेल्या महिन्यात या मुलीचा एका शाळेत सराव पाठ होता. अपूर्णांकच शिकवायचे होते. मागच्या बाकावरच्या एका पोरीने उठून विचारलं, उलटा का? नियम आहे, लिही, असं हिने सांगितलं. पोरगी खाली बसली.

"ती बसली तेव्हा मला बरं वाटलं," वीस नंबर म्हणाली. आता आवाजात हसू नव्हतं.

चारुलताने रेकॉर्डिंग थांबवलं. हेच तर मला दाखवायचंय, असं काहीतरी ती म्हणत होती.

"कान चांगले आहेत माझे," गणपतराव म्हणाले. "तो सर मी आहे."

चारुलताने लॅपटॉपवरचा हात काढला.

मग खाली मान घालून त्यांनी सांगितलं. हा विनोद त्यांनी स्टाफरूममध्ये कितीदा तरी सांगितला होता. निवृत्त होताना, निरोपाच्या भाषणातसुद्धा. लोक पोट धरून हसले होते. घरी सांगितला तेव्हा सुनेत्राबाई तेवढ्या हसल्या नव्हत्या. मग त्या मुलीला सांगितलंत का, उलटा का करायचा ते, एवढंच त्यांनी विचारलं होतं. गणपतराव म्हणाले होते, जेवायला वाढ.

वांगी अजून आठवत होती. मुलीचं नाव काही केल्या आठवत नव्हतं.

तिचं नाव दे, मी जाऊन माफी मागतो, असं ते चारुलताला म्हणाले. तिने नकारार्थी मान हलवली. नाव कुणालाही कळू देणार नाही, असं तिने प्रत्येकाला लिहून दिलं होतं. तुमचंही येणार नाही काका, प्रबंधात नुसतं 'शाळेतले शिक्षक' एवढंच असेल, असं तिने वर सांगितलं. धीर द्यायलाच सांगितलं. गणपतरावांचा चेहरा आणखी उतरला.

त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला आणि एका बोटाने टाइप करायला सुरुवात केली. 'तुझे पप्पा'पाशी बोट थांबलं. मग पुढे गेलं. शेवटच्या शब्दापर्यंत सगळं लिहून त्यांनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

चारुलताने वाचलं. ती रागावलेली दिसत नव्हती. चाळीस मुलांशी बोलली होती त्याच शांत आवाजात तिने विचारलं, "पण काका, त्या दिवशी तिला कारण का नाही सांगितलंत? पाच मिनिटांचं काम होतं."

"कारण ठाऊक असतं," गणपतराव म्हणाले, "तर तिच्या बापाच्या वांग्यांपर्यंत कशाला गेलो असतो?"