दहा संघांची चिठ्ठी

"परत दहा? लुंग, तुम्हाला सांगून सांगून माझं तोंड दुखलं." साइफिननं इस्त्री उभी केली आणि मानेवरचा घाम पुसला. "तीन संघ लावा, फार तर चार. कधी तरी हाताला काही लागेल."

"दहाच लिही," थनोम म्हणाला. त्यानं खेळाचं वर्तमानपत्र नीट घडी करून काखेत धरलं होतं.

फिचितच्या बाजारात साइफिनचं इस्त्रीचं दुकान होतं आणि त्याच दुकानात फुटबॉलचा सट्टाही चाले. गल्लीतले मोटरसायकलवाले, मासळीवाल्या, सगळे तिच्याकडे चिठ्ठी लिहीत. ती चिठ्ठ्या वरच्या शेठकडे पाठवी आणि आपली दलाली घेई. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, आणि वर हे लोकांना शहाणपण शिकवण्याचं काम.

"हे बघा," ती दमल्या आवाजात म्हणाली, "शेठ तगड्या संघावर आधीच गोलाचं ओझं टाकतो, म्हणजे कुठलाही सामना निम्मा-निम्मा होतो. एक संघ लावला तर निम्मी आशा. दुसरा जोडला की त्याची निम्मी. तिसरा जोडला की त्याचीही निम्मी. दहातला एक घसरला तर जिंकलेले नऊही पाण्यात. अशी चिठ्ठी हजारात एकदा लागते."

"आणि लागली तर?"

"तर पैसे देणाऱ्याचं दिवाळं."

"हजारात एकदा," म्हाताऱ्यानं शाळेतल्या पोरासारखं घोकलं. "मग दहाच लिही."

तिनं लिहिलं. अशा माणसाशी डोकं कोण लावणार?

थनोम तिचा सासरा. रेल्वेतून निवृत्त झालेला, पेन्शनवर जगणारा साधा माणूस. त्याचा मुलगा रयोंग गावच्या एका बाईबरोबर पळाला तेव्हा पदरात मुलगी घेऊन साइफिन एकटी पडली. सासरा पैशांचं पाकीट घेऊन दारात आला होता. तिनं भर बाजारात ते त्याच्या अंगावर फेकलं. "त्या घरचं एक बाटाचं नाणंही मला विषासमान आहे," असं ती सगळ्यांदेखत म्हणाली आणि त्या दिवसापासून तिनं त्याला 'बाबा' म्हणणंही सोडलं. परके म्हणतात तसं लुंग, म्हणजे काका, म्हणू लागली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याला हा नाद लागला. मुलगा गेला आणि बाप जुगारी झाला, असं बाजार हळहळला. दर शनिवारी तो येई, दहा संघ लावी, पैसे मोजून ठेवी आणि जाई. निकाल काय लागला हे त्यानं कधी विचारलं नाही. लाज वाटत असेल बिचाऱ्याला, असं तिला वाटे.

या धंद्यात एक गोष्ट सगळे करतात आणि सगळ्यांना ठाऊक असते, फक्त बोलत कुणी नाही. हमखास हरणारी चिठ्ठी वर पाठवायचीच नाही, पैसे आपल्याकडे ठेवायचे; चुकून लागलीच, तर भरपाई आपल्याच खिशातून. त्याला चिठ्ठी खाणं म्हणतात. साइफिन एकच चिठ्ठी खायची, थनोमची. तिच्यावरच मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी निघत होती. त्या घरचा पैसा नको म्हणणारी आपण, आणि त्याच म्हाताऱ्याला लुबाडतो आहोत, हे तिला टोचायचं. पण सट्ट्यात हरलेला पैसा कुणाच्या घरचा नसतो, अशी ती मनाची समजूत घालायची.

रविवारी सकाळी तिनं निकाल पाहिले आणि चिठ्ठीशी पुन्हा ताडून पाहिले. थनोमचे नऊच्या नऊ संघ आले होते.

दहावा सामना जपानमधला, भर दुपारचा. थनोमनं लावलेल्या लाल शर्टवाल्यांनी जिंकायलाच हवं होतं, बरोबरी झाली तरी चिठ्ठी गेली. लाल शर्टवाले एका गोलनं पुढे होते. मोबाइलकडे बघता बघता तिनं एका मास्तरांचा शर्ट जाळला. ही चिठ्ठी लागली तर दुकान विकावं लागणार होतं, आणि मुलीला कॉलेजातून काढून आणावं लागणार होतं.

शेवटी तिनं इस्त्री बंद केली आणि सासऱ्याच्या घराची वाट धरली. पाय धरायचे आणि खरं सांगून टाकायचं, दुसरा मार्ग नव्हता.

दार उघडं होतं. थनोम बुद्धाच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून बसला होता. हात जोडलेले, डोळे टीव्हीवर, ओठ पुटपुटत होते. त्याची ती आस बघून तिला आत पाऊल टाकवेना. आयुष्यात एकदा या माणसाला काही मिळणार होतं, आणि तेही तिनंच खाल्लं होतं. ती पायरीवरच टेकली.

खेळ संपता संपता समोरच्या संघानं गोल केला. बरोबरी. पंचानं शिट्टी वाजवली.

साइफिनला रडूच फुटलं. तेवढ्यात आतून टाळी ऐकू आली. म्हाताऱ्याला गोल कुणी केला तेही कळलं नाही, तिला वाटलं. आता हे आपणच सांगायला हवं. डोळे पुसून ती आत गेली.

"तुमचा संघ नाही जिंकला हो," ती हळूच म्हणाली. "बरोबरी झाली. चिठ्ठी गेली."

"ठाऊक आहे गं. बरोबरी होऊ दे म्हणून तर मघापासून नवस बोलतोय." थनोमनं टीव्ही बंद केला. "नातीच्या कॉलेजची दोन वर्षं राहिलीत अजून. पुढच्या शनिवारपासून बारा लिही, दहात फार धोका आहे."