चुकलेली पाटी

लायलच्या पत्राला वेंडेलने कधी उत्तर दिले नाही. चारच ओळींचे पत्र होते. ‘कॉलेजच्या फुटबॉल संघाचा मुख्य कोच म्हणून मला नेमले आहे. ती जागा तुझी होती, हे मला कळते. पुढची फळी तुझ्याइतकी कुणालाच घडवता येत नाही. माझ्यासोबत राहशील का?’ वेंडेलने ते घडी घालून खणात ठेवले आणि संघातले सहायक कोचचे काम सोडून शाळेत इतिहास शिकवू लागला. लायल समोरच्याच घरात राहायला आला. त्यालाही अकरा वर्षे झाली.

रविवारी सकाळी वेंडेलने दार उघडले, तर अंगणातल्या गवतात पाटी रोवलेली. ‘घर विकणे आहे.’

संघ हरला की अमेरिकेतल्या नेब्रास्कामधल्या त्या गावात रात्री कुणीतरी, कोचने गाव सोडावे म्हणून, त्याच्या अंगणात अशा पाट्या रोवून जात असे. संघ काल सलग पाचव्यांदा हरला होता. समोर लायलचे अंगण पाट्यांनी भरले होते. पण ही एक इकडे होती. वेंडेल सपाता घालून तिच्यासमोर उभा राहिला. आपणच कोच असल्यासारखे त्याला बरे वाटले, आणि बरे वाटले याची लाजही वाटली.

बर्ट नोवाकची गाडी थांबली. बर्ट ट्रॅक्टर विकायचा. संघाला देणग्या जमवणाऱ्या मंडळींचा तो म्होरक्या होता. हातात कॉफीचे दोन पेले घेऊन तो उतरला आणि पाटी पाहून हसला.

“गाढवं लेकाची. घर चुकली.” त्याने एक पेला वेंडेलच्या हातात दिला, पाटी उपटली, माती झटकली आणि काखेत मारली.



“उद्या बैठक आहे,” बर्ट म्हणाला. “लायलला ठेवायचं की काढायचं. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. तू येऊन एवढंच म्हण, माणूस आता थकलाय. तुझं ऐकतील. मग उरलेले तीन सामने तू सांभाळ.”

वेंडेलने विचारले, “मुख्य कोच म्हणून?”

“तेवढ्यापुरता. डिसेंबरात ओहायोहून एक तरणा गडी आणतोय आम्ही. तोवर कुणीतरी बिनत्रासाचा हवा. तुझं बरं आहे, वेंडेल. गावात तुझ्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही.”

“का बोलत नाहीत?”

बर्टला प्रश्नच कळला नाही. “का म्हणजे? तू कुणाचं काय केलंयस?”

समोर लायल अंगात जुना ड्रेसिंग गाऊन अडकवून बाहेर आला आणि एकेक पाटी उपटू लागला. त्याची बायको डोरीन त्या घेऊन गॅरेजमध्ये रचत होती.

“बर्ट,” लायलने तिकडूनच हाक मारली, “या वेळच्या पाट्यांच्या तारा चांगल्या जाड आहेत रे. तुझ्या दुकानातल्या का?”

बर्टने काखेतली पाटी अंगाआड सरकवली.

डोरीन त्या तारा टोमॅटोच्या रोपांना आधाराला लावायची. दर ऑगस्टमध्ये एक टोपली वेंडेलकडे यायची. मीठ लावून, मोरीपाशी उभ्यानेच तो ते टोमॅटो खायचा. उभ्या गावाच्या शिव्या खाऊन या माणसाच्या घरी टोमॅटो पिकत होते, आणि ते गोड होते.

“थकलाच आहे ना तो?” बर्टने विचारले.

थकलेला नव्हता. त्यांच्या फुटबॉलमध्ये चेंडू हाताने फेकतात; फेकणाऱ्याला आडोसा देणाऱ्या पुढच्या फळीतला डाव्या बाजूचा मुलगा, चेंडू लांब फेकायचा डाव असला की, आधीच टाचांवर रेलायचा. समोरच्यांना ते कळायचे आणि ते तयार राहायचे. वेंडेलने सर्वांत वरच्या बाकावरून पहिल्याच सामन्यात ते हेरले होते. तो कुणाला बोलला नाही. लायलला अजून दिसले का, एवढे बघायला तो दर शनिवारी जायचा. दिसलेले नसायचे. मग तो सावकाश, मजेत घरी चालत यायचा.

“नाही,” वेंडेल म्हणाला. “उद्या येईन मी. पण ते वाक्य म्हणणार नाही.”

“मग काय म्हणणार?”

“त्याला राहू द्या म्हणेन.”

बर्टने त्याच्याकडे नीट पाहिले. “मला वाटलं होतं, तुझ्या मनात त्याच्याबद्दल…”

“आहे ना,” वेंडेल म्हणाला. “ती पाटी ठेवून जा.”

“ही? अरे, ती चुकून आली होती.”

“माझ्या अंगणात आली होती.”

म्हाताऱ्याशी काय हुज्जत घालायची, अशा चेहऱ्याने बर्टने पाटी दिली आणि तो निघून गेला.

वेंडेल आत गेला. बसल्या बसल्या त्याने पत्र लिहून टाकले. ‘लायल, तुझा डाव्या बाजूचा मुलगा चेंडू फेकायच्या आधी टाचांवर रेलतो. पहिल्या सामन्यापासून. मला दिसत होते. अकरा वर्षांपूर्वी तू विचारले होतेस, त्याचे उत्तर, हो. वेंडेल.’ पाकीट बंद करून त्याने तिकीट लावले.

बाहेर येऊन त्याने पाटी पुन्हा त्याच भोकात रोवली आणि पायाने माती दाबली. समोर लायल हातात पाट्या घेऊन थांबला.

“वेंडेल, ती माझी आहे. दे इकडे.”

“तुझ्याकडे पुष्कळ आहेत,” वेंडेल म्हणाला.

लायल हसला. मधला रस्ता रिकामा होता. वेंडेल त्याच्या काठापर्यंत गेला, आपल्या टपालपेटीत पाकीट ठेवले आणि पोस्टमनने थांबून पत्र उचलावे म्हणून पेटीचा लाल पत्रा वर केला. आज रविवार. पत्र उद्या उचलले जाणार, शहरात जाऊन शिक्का बसणार आणि मग समोरच्या घरी येणार. वेंडेलने लाल पत्रा नीट उभा आहे ना, हे एकदा हात लावून पाहिले.