दार वाजवणारा झोंबी

कॉमिकमधल्या लोहगरुडाला पुन्हा मारलंय म्हणून ड्वेन भडकला होता. बुधवार होता. डेटनमधल्या मर्लच्या दुकानात नवे कॉमिक आले होते आणि दर बुधवारसारखा ड्वेन एकेका अंकाची सालटी काढत होता. चित्रकाराला पाय काढता येत नाहीत, म्हणून सगळे सुपरहिरो गुडघाभर धुक्यात उभे. आणि मेलेला पुढच्या उन्हाळ्यात परत येणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मर्ल अंक पिशव्यांत सरकवत नुसता मान डोलवत होता. त्या डोलण्याचा ड्वेनला वीट आला होता. भांडायचा तो लेलँड, आणि लेलँड फेब्रुवारीत गेला.

जुन्या गिऱ्हाइकांच्या नावाचा एकेक खोका मर्लकडे असतो. त्यांनी सांगून ठेवलेल्या मालिकांचे अंक आले की तो त्यात टाकतो. लेलँडच्या खोक्यात तो अजूनही टाकत होता. बंद कर, असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि आपणहून करायचा त्याला धीर होत नव्हता.

आज लेलँडची बायको अर्लीन तेच सांगायला आली. मर्ल बरं म्हणाला, वाईट वाटतं म्हणाला, आणि खोका काउंटरवर आणून ठेवला.

ड्वेननंही दोन शब्द वाईट वाटल्याचे बोलायला हवे होते. पण त्याला राहवेना. लेलँड गडी साधा. तरी मेलेले उठून चालतात त्या झोंब्यांच्या मालिकेवर असं काही बोलून जायचा की ड्वेनची झोप उडायची. झोंबी भुकेनं येत नाहीत, सवयीनं येतात, हे त्याचंच. एवढं डोकं त्यानं कुठनं आणलं होतं, ते ड्वेननं तिला सरळच विचारलं.

"तो वाचायचाच नाही ते," अर्लीन म्हणाली. "रक्त बघून त्याला मळमळायचं. वाचायचे मी. जेवताना मी बोलायचे, बुधवारी तो इथं येऊन बोलायचा. मग तुम्ही काय म्हणालात ते घरी येऊन सांगायचा. त्याला मिरवायची हौस होती, मी मिरवू दिलं."

म्हणजे इतकी वर्षं आपण या बाईशी भांडत होतो, हे ड्वेनच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

खोक्यात सगळ्यात वर झोंब्यांचा नवा अंक होता. तिनं तो चाळला आणि शेवटच्या पानावर थांबली. झोंबी झालेला एक नवरा स्वतःच्याच घराचं दार वाजवत उभा होता. ड्वेन सकाळपासून याच पानाला मूर्खपणा म्हणत होता.

"आपण मेलोय हे त्याला माहीत नाही," ती हळूच म्हणाली. "घर तेवढं माहीत आहे."

"बरोबर आहे, बाई," मर्ल घाईघाईनं म्हणाला.

फेब्रुवारीपासून सगळे तिला हेच म्हणत होते. पाद्री, बहीण, भांडं भरून जेवण आणून देणारे शेजारी. ती काहीही बोलो, बरोबर आहे म्हणायचे आणि तिचा हात थोपटायचे. लेलँड गेल्याचं दुःख होतंच, पण या थोपटण्यानं ती जास्त एकटी पडली होती.

"साफ चूक," ड्वेन म्हणाला.

मर्लनं त्याच्याकडे डोळे वटारले. पण ड्वेनला आता आवरणं शक्य नव्हतं. "घर माहीत आहे, तर किल्ली कुठल्या कुंडीखाली आहे तेही माहीत असणार. मग दार वाजवतोय कशाला?"

अर्लीननं काउंटरमागचं स्टूल ओढलं आणि त्यावर ऐसपैस बसली.

"किल्ली नवव्या अंकात त्याच्या बायकोनं काढून घेतली," ती म्हणाली. "अंक वाचता, की नुसती चित्रं बघता?"